सांगायला घरात माणूस नाही

मोनाली कुळमेथेला हिरडीटोल्यात नाव नव्हतं. तिच्या आधी बिरजू यायचा. त्याला लोक डॉक्टरसाहेब म्हणायचे. बिरजूने जे तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं तेच मोनालीने घेतलं होतं. तोच नायट्रोजनचा कंटेनर, तीच लांब बारीक गन, तोच खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा. पण तिला लोक 'ते भरवणारी पोट्टी' म्हणत, आणि तेही ती गेल्यावर. समोर असली की काहीच म्हणत नसत. म्हैस कोणत्या गोठ्यात आहे ते बोटाने दाखवत आणि पानठेल्याकडे निघून जात.

भरवणं म्हणजे माजावर आलेल्या म्हशीला चांगल्या जातीच्या रेड्याचं रेत देणं. रेत बारीक कांडीत गोठवलेलं असतं. कांडी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, गनमध्ये भरायची, डावा हात म्हशीच्या आत घालून गर्भाशयाचं तोंड धरायचं आणि उजव्या हाताने गन पुढे सरकवायची. ऐकायला सोपं वाटतं. अवघड आहे ती वेळ. म्हैस एखादा दिवस माजावर असते. तो दिवस चुकला की एकवीस दिवस थांबायचं.

पोंभुर्ण्याच्या पलीकडची नऊ गावं मोनालीकडे होती. आठ गावांत तिच्या हातच्या म्हशी जशा कुणाच्याही हातच्या ठरतात तशा ठरत होत्या. नववं हिरडीटोला. तिथे चौदा महिन्यांत तिने अकरा म्हशी भरवल्या आणि त्यातल्या नऊ उलटल्या. उलटली म्हणजे गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर तिला बोलावणं आलं. केंद्राचे सचिव धनराज बुरांडे खुर्चीवर होते. बाकीचे दहा-बारा जण कॅनच्या कडेने उभे. बाई एकच होती, मोनाली, आणि तिला कुणी बस म्हटलं नाही. ती एका रिकाम्या कॅनवर बसली.

"मोनाली, वाईट वाटून घेऊ नको," धनराजभाऊ म्हणाले. "तुयात काई दोष हाये असं कोणी म्हणत नाई. पण बाईचा हात तो बाईचा हात."

"म्हंजे दोष हाये असंच म्हणून राह्यले ना भाऊ तुम्ही."

"बिरजू डॉक्टर होता तवा म्हशी ठरत होत्या का नाई?"

"ठरत होत्या."

"मंग?"

"बिरजूभाऊच्या कांड्या चंद्रपूरवरून येत होत्या. मायाबी तिथूनच येतात. एकाच गाडीतून. रेड्याले कुठी माहीत की गन कोणाच्या हातात हाये?"

मागून कुणीतरी हसलं. धनराजभाऊ हसले नाहीत. बिरजू आता कोरपन्याकडे असतो, आठवड्यातून दोनदा यायला तयार आहे, तसा ठराव लिहायचा आहे, असं ते म्हणाले. ठराव लिहिलेलाच होता. सह्या व्हायच्या होत्या.

मोनालीने तो कागद पाहिला. एक गाव गेलं की बाकीची आठ गावं विचारणार होती, हिरडीटोल्यानं काऊन काढलं? हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"एक म्हैस द्या," ती म्हणाली. "तुम्ही सांगान ते. होळीपर्यंत गाभण नाई राह्यली तर मीच या कागदावर सही करतो."

"कोणतीबी?"

"कोणतीबी."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग कॅनवर कोपर टेकून उभा असलेला एक जण म्हणाला, "मंगलीबाईची दे तिले." आणि केंद्रात एवढा हशा पिकला की बाहेर बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं.

मोनालीला हशाचं कारण माहीत नव्हतं. ती म्हणाली, "दिली?"

"दिली," धनराजभाऊ म्हणाले. आता तेही हसत होते.

कारण तिला दाराबाहेर कळलं. मंगलीबाई सोयामची म्हैस दोन वर्षांपासून माजावरच आली नव्हती. नवरा वारला त्या वर्षी ती व्याली, वगार मेली, दूध आटलं, आणि मग काही नाही. गावाने तिचं नाव भाकड ठेवलं होतं. मंगलीबाई होळीनंतर ती बाजारात नेणार होती. जी म्हैस माजावर येत नाही ती भरवणार कशी? मोनाली स्कूटीवर बसली, तेव्हा तिचे कान तापले होते. रस्ता सागाच्या रोपवणातून जातो. वाघाच्या भीतीने ती तिथे नेहमी हॉर्न वाजवत जायची. त्या दिवशी जरा जास्तच वाजवला.

सकाळी ती मंगलीबाईच्या अंगणात हजर.

"कायले आली व बाई?" मंगलीबाई शेण भरत होती. "मी तं तुले बोलावलं नाई."

"गावानं पाठवलं."

"गावानं? गाव मले मीठ नाई इचारत." तिने टोपलं खाली ठेवलं. "पाहून घे. भाकड हाये. दोन सालापासून फुकटचा कडबा खाऊन राह्यली. मीच मूर्ख, इकत नाई."

म्हैस मात्र भाकड वाटत नव्हती. लांब मागे गेलेली शिंगं, भरलेलं अंग, ओलं नाक. मोनालीने हातमोजा चढवला. मंगलीबाईने म्हशीचं तोंड धरलं, कारण धरायला दुसरं कुणी नव्हतं. मोनालीने हात आत घातला आणि डोळे मिटले. ती नेहमी मिटते. दिसण्यासारखं तिथे काही नसतं, सगळं बोटांना कळतं. गर्भाशय हाताला नीट लागलं. उजव्या अंडाशयावर वाटाण्याहून मोठी एक गाठ होती.

ती गाठ लागताच तिने डोळे उघडले. ती गाठ माज येऊन गेल्यावर तयार होते. माज आलाच नाही तर गाठही नसते.

"मंगलीबाई, हे म्हैस माजावर येते."

"कायी सांगू नको."

"येते. दहा-बारा दिवसांपूर्वी येऊन गेली."

"मी आंधळी हाव का?"

मंगलीबाई आंधळी नव्हती. ती म्हशीला रात्री दोनदा उठून पाहायची. पण म्हशीचा माज मुका असतो. गाय हंबरून गाव गोळा करते. म्हैस गप्प राहते. थोडं चरणं सोडते, शेपटी उचलते, बसली की मागून काचेसारखी चिकट सोट गळते आणि मातीत मिसळून जाते. पूर्वी कळपात हेला, म्हणजे रेडा, असायचा, त्याला कळायचं आणि त्याच्यामुळे माणसांना. तीन वर्षांपूर्वी चांगली जात यावी म्हणून धनराजभाऊंनीच गावचे दोन्ही हेले विकायला लावले होते. आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"दिवसा कोण असते तिच्याजवळ?"

"पत्रू. गावचा ढोरकी. नऊले सोडते, चारच्या आत आणते. वाघ हाये ना."

गावची साठेक ढोरं पत्रू आलाम एकटा चारायचा. बाकीच्या आठ गावांत ज्याची म्हैस तोच राखतो. हिरडीटोला जंगलाच्या पोटात आहे, तिथे एकट्यादुकट्याने ढोरं नेण्याची सोय नाही. म्हणून सगळ्यांचा एक कळप आणि एक ढोरकी. त्याला वर्षाला धान मिळतं आणि रोज एका घरचं जेवण. मोनालीने सकाळ-संध्याकाळ बाकीच्या गावांचं काम उरकायचं ठरवलं. मधला वेळ पत्रूला द्यायचा.

पत्रूला ते अजिबात रुचलं नाही. साठीचा माणूस, खांद्यावर कुऱ्हाड, कानावर अर्धी विडी.

"बाईनं मोह येचाले यावं, तेंदू तोडाले यावं," तो म्हणाला. "ढोरामागं बाई कोणी पाह्यली?"

"आता तुम्ही पाहा."

"वाघानं नेलं तर माया नावानं बोंब होईन."

"वाघ म्हातारं माणूस आधी नेते, पत्रूभाऊ. सोपं पडते."

तो हसला नाही, पण त्याने तिला परतही पाठवलं नाही. पहिले दोन दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी मोनालीने कुळाचं विचारलं. गोंडांत अनोळखी माणसाशी जवळीक करायची तर हाच रस्ता. कोण किती देवांचे, कुणाचं कुलदैवत कुठे, हे जुळवायचं आणि नातं काढायचं. दोघांच्या देवांची संख्या एकच निघाली. म्हणजे भाऊबंद. म्हणजे पत्रू तिचा काका झाला. मोनालीला बरं वाटलं. आता हा आपल्याला सगळं सांगेल, असं तिला वाटलं.

झालं उलटंच. देव वेगळे असते तर सोयरीक लागली असती, आणि सोयऱ्यांत थट्टा चालते, नको ते बोललेलंही चालतं. पुतणीसमोर काका तसलं काही बोलत नाही. पत्रू आता तिला स्वतःच्या डब्यातली भाकर द्यायचा, काट्याकुट्यातून सांभाळून न्यायचा, आणि कुठल्या म्हशीने शेपटी उचलली की मान फिरवायचा.

आठव्या दिवशी दुपारी कळप नाल्यावर होता. सगळ्या म्हशी पाण्यात बसल्या. मंगलीबाईची बसली नाही. ती काठावर उभी राहिली, पुढे गेली, मागे आली. दुसऱ्या एका म्हशीच्या पाठीवर तिने हनुवटी टेकवली. थोड्या वेळाने वाळूवर बसली, आणि उठली तेव्हा मोनालीला हवं ते दिसलं. स्वच्छ, लांब, तार न तुटणारी सोट.

पत्रूनेही पाहिलं. मोनालीने पत्रूला पाहताना पाहिलं. त्याने लगेच पलीकडच्या ऐनाच्या झाडाकडे तोंड केलं आणि विडी पेटवली.

तिला पाहायचं होतं, हा माणूस आता काय करतो.

साडेतीनला कळप गावात शिरला. प्रत्येक म्हैस आपापल्या घराकडे वळत होती. मंगलीबाईच्या फाटकाशी पत्रू थांबला. मंगलीबाई दोर घेऊन उभी होती.

"बाई, म्हैस पोचली. बांधून घे."

आणि तो पुढे निघाला.

"काका," मोनाली म्हणाली. "बस, एवढंच?"

"अजून काय?"

"दुपारी नाल्यावर काय पाह्यलं?"

पत्रूने इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं, तरी त्याचा आवाज खाली गेला. "पोरी, तू डॉक्टरीण हायेस. तुले समजलं, झालं. मले कायले बोलाले लावते?"

"मी आठ दिवसांआधी आलो. त्याआधी तुम्हीच होते. मंगलीबाईले कधी सांगतलं?"

"तिले कसा सांगू?" आता तो चिडला. "बाईले असं सांगतात का? घरात माणूस असला का माणसाले सांगतो. तिच्या घरात माणूस नाई. कोणाले सांगू?"

फाटकाच्या आत मंगलीबाईच्या हातातला दोर तसाच होता.

"म्हंजे येत होती ते?" मंगलीबाईने विचारलं. आवाज एकदम साधा होता.

"येते. हिवाळ्यात तर दर तीन हप्त्यांनी येते," पत्रू जमिनीकडे पाहत म्हणाला. "तुया नवऱ्याले सांगत होतो मी. तो वारला."

"दोन साल." मंगलीबाई फाटकाबाहेर आली. "दोन साल मी तिले भाकड म्हणून शिव्या देऊन राह्यलो. लोकाईनं मलेबी तेच म्हटलं, माईत हाये ना तुले? जशी मालकीण तशी म्हैस म्हणे. अन् तू रोज इथी येऊन, इथी, या फाटकापाशी, म्हैस पोचली म्हणून जात होता?"

पत्रू उभा राहिला. जायला त्याला रस्ता होता, तो गेला नाही.

मोनालीच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. "काका, बाकीच्या घरचं कसं? धनराजभाऊची म्हैस आली तर?"

"धनराजभाऊले सांगतो."

"कधी?"

"सकाळी. पानठेल्यावर. घरी बायका असतात ना संध्याकाळी."

"मंग ते मले कधी सांगतात?"

ते पत्रूला माहीत नव्हतं. मोनालीला माहीत होतं. धनराजभाऊ तिला फोन करत नसत, कुणीच करत नसे. बाईला फोन करून काय सांगणार? ते केंद्रावरच्या माणसाला सांगत, तो संध्याकाळचं दूध घेऊन झालं की गाडीवाल्याला सांगे, आणि गाडीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी पोंभुर्ण्यात तिला सांगे, 'हिरडीटोल्यात काम हाये' म्हणून. दुपारी दिसलेला माज तिच्यापर्यंत पोचायला पावणेदोन दिवस लागत. तोवर म्हशीचं बीज विरून गेलेलं असे. बिरजू होता तेव्हा पत्रू जंगलातल्या टेकडीवर चढून सरळ त्यालाच फोन लावायचा, कारण बिरजू पुरुष होता; फक्त मंगलीबाईची म्हैस सुटायची, कारण तिथे म्हशीचं तोंड धरायला माणूस नव्हता. नऊ म्हशी तिच्या हातून उलटल्या नव्हत्या. त्या गावाच्या जिभेवरच वाळल्या होत्या.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती कांडी घेऊन आली. दुपारी माज दिसला तर सकाळी भरवायचं. तिने नागपुरी जातीची कांडी निवडली, कारण जंगलात चरणाऱ्या म्हशीला जंगलात चालू शकणारं रेडकूच हवं. बातमी फुटली होती. कुंपणाला माणसं लागली. म्हैस भरवताना घरच्या बायका आत जातात, एखादा पुरुष तोंड धरतो, अशी इथली रीत. मंगलीबाईने तोंड धरलं आणि ती कुठेही गेली नाही.

"काई आडोसा तरी करा," धनराजभाऊ कुंपणाबाहेरून म्हणाले. "चादर बांधा. गावच्या सुना पाणी भराले जाऊन राह्यल्या."

"म्हशीले लाज नाई, भाऊ," मंगलीबाई म्हणाली. "मले काऊन असावी? तुमाले वाटत असन तर तुम्ही डोळे झाका."

पाणी भरायला निघालेल्या बायका थांबल्या. एकीने पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर आलंच. मोनालीने पाण्यातला थर्मामीटर पाहिला, कांडी पुसली, गन भरली. तिला कुणाकडे पाहायची गरज नव्हती. तिने डोळे मिटले.

एकवीस दिवस गावात दुसरा विषय नव्हता.

मंगलीबाई त्या दिवसांत पत्रूशी एक शब्दही बोलली नाही. तिच्या घरची पाळी आली तेव्हा तिने जेवण दिलं, पण हातात दिलं नाही. फाटकाशी दगडावर थाळी ठेवली आणि आत गेली. वर कांद्याची पात होती, मीठ होतं, काही कमी नव्हतं. पत्रूने त्या दगडाशी बसून थाळी संपवली, नाल्यावर नेऊन धुतली आणि जागेवर ठेवली. मोनाली आता जंगलात जात नव्हती. तिचं पाहून झालं होतं, पुढचं काम पत्रूचं होतं.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी कळप परतला. गल्लीत दोन ओट्यांवर माणसं होती. धनराजभाऊही होते. पत्रू मंगलीबाईच्या फाटकाशी थांबला. कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली.

"मंगलीबाई."

ती बाहेर आली.

"तुयी म्हैस उलटली. आज दुपारपासून माजावर हाये. सोट चांगली हाये. पोरीले फोन कर, उद्या सकाळी येईन म्हणा." हे त्याने एका दमात म्हटलं, गुरं हाकतानाच्या मोठ्या आवाजात. मग ओट्यांकडे वळून, तितक्याच मोठ्याने, "अन् पोचूच्या घरची कोण हाये? तुमचीबी येऊन राह्यली. उद्या-परवा पाहा."

पोचू ओट्यावरच होता. तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. घरातून त्याची बायको बाहेर आली. "कोणती पत्रूभाऊ? बांडी का काळी?"

"काळी."

"बरं," ती म्हणाली. जगात काही घडलंच नाही अशा आवाजात.

उलटली म्हणून लोक हसले. मोनालीलाही लागलं. पहिल्याच खेपेला राहिली असती तर बरं झालं असतं, पण शंभरातल्या साठ उलटतातच. सकाळी ती आली तेव्हा कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरीण, सही कराले पेन आणला का?"

"होळी दूर हाये," ती म्हणाली, आणि पुन्हा भरवली. त्याच फेरीत पोचूची काळी म्हैसही.

होळीच्या आदल्या दिवशी दोन महिने आणि वर आठवडा झाला होता. या वेळी म्हैस उलटली नव्हती. पत्रूने रोज पाहिलं होतं आणि रोज फाटकाशी सांगितलं होतं, 'आज काई नाई.' मोनालीने सगळ्यांसमोर हात घातला. बराच वेळ ती हलली नाही. मग हात काढला, हातमोजा उलटा केला.

"गाभण हाये."

"तूच भरवली, तूच सांगशीन," धनराजभाऊ म्हणाले. "हे तर परीक्षा देणाऱ्यानं सोता पेपर तपासल्यावाणी झालं."

"मंग बोलवा तुमच्या डॉक्टरले."

बिरजू कोरपन्याहून मोटरसायकलवर आला. दोन तास लागले त्याला. कुणी हललं नाही, चहा दोनदा झाला. बिरजू चाळिशीचा, जाडसर, शांत माणूस. त्याने मोनालीला नमस्कार केला, मंगलीबाईला केला, आणि सांगायच्या आत हातमोजा मागितला. मोनालीला आठवलं, हा गावात परत यायला तयार आहे. याने नाही म्हटलं तर त्याला गाव मिळणार होतं. त्याचा हात आत होता आणि त्याचं तोंड कोरं होतं. तिने कंटेनरचं झाकण उगाचच घट्ट केलं.

"गर्भाशयाचं डावं शिंग रिकामं," बिरजू म्हणाला. "उजव्यात हाये. दोन महिन्याचं. बरोबर हाये बाई तुमचं."

"नक्की?" धनराजभाऊंनी विचारलं.

"हात घालून पाहा ना भाऊ तुम्ही. एक हातमोजा जास्तीचा हाये."

आता जो हशा झाला तो कुंपणाच्या दोन्ही बाजूंना झाला. मंगलीबाई हसली नाही. तिने म्हशीच्या कपाळावर तळहात ठेवला होता आणि ती बिरजूकडे पाहत होती, तो आणखी काही सांगेल म्हणून.

धनराजभाऊ वाईट माणूस नव्हते. हरलेलं मान्य करायची त्यांची पद्धत होती. त्यांनी खिशातून तो बिनसह्यांचा ठराव काढला, चार घड्या घालून बिरजूच्या हातात दिला आणि म्हणाले, "बरं. मोनाली येत जाईन. केंद्रावरून निरोप येईन तिले, पयल्यावाणी."

"नाई," मोनाली म्हणाली.

"काय नाई?"

"निरोप नाई. मले बाईचा फोन पाहिजे. जी म्हैस बांधते, दोहते, तिचा. पत्रूकाका फाटकावर सांगतीन, बाई मले फोन करीन. केंद्र नाई, गाडीवाला नाई, पानठेला नाई."

"आमच्या घरच्या सुना असं बोलत नाई."

"मंग तुमच्या घरची म्हैस भाकड राहीन."

"पोरी, गाव मिळून राह्यलं, ते घे," पत्रू हळूच म्हणाला.

"असं गाव मले नको, काका. पुन्हा नऊ उलटतीन अन् पुन्हा हात माया खराब निघन." तिने कंटेनर स्कूटीवर ठेवला, ट्यूबने आवळला. "भाऊ, माया नंबर केंद्राच्या भिंतीवर हाये. बायकाईले वाचता येते."

ती गेली.

मंगलीबाईच्या आणि पोचूच्या घरून फोन यायचे, म्हशींची खबर द्यायला. बाकी हिरडीटोल्यातून महिनाभर एकही फोन आला नाही. तिच्या वरच्या साहेबांनी विचारलं, त्या गावाचं काय झालं. तिने सांगितलं, ठरतंय. आई म्हणाली, जाऊन माफी माग, मोठं माणूस आहे. ती म्हणाली, कशाची माफी, ते एकदा सांग. एकदा गाडीवाला सकाळी पोंभुर्ण्यात थांबला, 'हिरडीटोल्यात काम हाये' म्हणाला. काम धनराजभाऊंच्या घरी आहे हे मंगलीबाईने आधीच फोनवर सांगितलं होतं. ती गेली नाही. दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही, कारण म्हशीचा यात काही दोष नव्हता. तरी ती गेली नाही. एकवीस दिवसांनी ती म्हैस पुन्हा येणार होती, आणि उन्हाळा तोंडावर होता. उन्हात म्हशींचा माज आणखी मुका होतो.

एका सकाळी सहाला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मोनालीताई का? मी मयुरी. धनराजभाऊची सून." मागे भांडी वाजत होती. मग भांडी थांबली. "आमची म्हैस काल दुपारपासून माजावर हाये. पत्रूबावानं सांगतलं."

"तुम्ही पाह्यलं?"

"हो. रात्री बसली होती तवा पाह्यलं."

पलीकडून एका पुरुषाचं खोकणं ऐकू आलं, अगदी जवळून.

"सासरे इथीच बसले हायत," ती म्हणाली. "मीच म्हटलं त्याईले, दुसऱ्यांदा वाया गेली तर दूध तुम्ही इकत आणान का?"

मोनालीला एवढं पुरे होतं. निघायला हवं होतं, अकरा किलोमीटर होते. पण तिने फोन ठेवला नाही. ती पलंगावर नीट बसली आणि सावकाश, एकेक करून, सगळं विचारलं. सोट कशी आहे. गढूळ की स्वच्छ. तार तुटते की लांब राहते. शेपटी कशी धरते. मागचा भाग सुजलाय का, लाल आहे का.

मयुरीने एकेकाचं उत्तर दिलं. तिसऱ्या उत्तरापासून तिचा आवाज मोठा झाला.